लढायांच्या तसबिरी (पुण्यातील संग्रह)

इतिहासातील लढायांची छापील चित्रे काच-फ्रेम करून घरात लावण्याची, तसेच जुने छापे हुडकून जपण्याची आवड. पुण्यात तिची पूर्वपीठिका १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळा छापखान्यापर्यंत जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या या छापखान्यातून देवादिकांबरोबरच नाना फडणवीसांसारख्या मराठेशाहीतील पुरुषांची रंगीत शिळाछाप (दगडावरून छापलेली) चित्रे सामान्य घरांत पोचली. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. पुढे मळवलीला आलेला रविवर्मा छापखाना आणि नंतरची ऑफसेट (धातूच्या पत्र्यावरून यंत्रात छापलेली) कॅलेंडरे यांनी भिंती भरून टाकल्या.

सर्वाधिक आढळणारे विषय पावनखिंड (१६६०), सिंहगड (१६७०) आणि पानिपत (१७६१). सिंहगडाच्या चित्रांत तानाजींसोबत घोरपड असतेच. ती पोवाड्यातून आली आहे. अशी चित्रे लढाईचा पुरावा नव्हेत. छापणाऱ्या पिढीला ती लढाई कशी दिसली, याचा मात्र ती उत्तम पुरावा आहेत, आणि संग्राहकाने त्यांना त्याच नजरेने जपावे.

पानिपतचे चित्र याहून विलक्षण. ज्या जुन्या चित्राच्या प्रती आज सर्वत्र दिसतात, ते सुमारे १७७० चे, फैजाबाद शैलीतले असून मूळ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फैजाबाद ही अवधचा नवाब शुजाउद्दौल्याची राजधानी, आणि शुजा लढला अब्दालीच्या बाजूने. म्हणजे पुण्यातल्या घरात मराठ्यांच्या त्या पराभवाकडे आपण प्रतिपक्षाच्या मुलखातल्या चित्रकाराच्या डोळ्यांनी पाहत असतो. फ्रेमखाली ही माहिती लिहिलेली क्वचितच दिसते. ती लिहायलाच हवी.

जुन्या बाजारात किंवा वाड्यांच्या आवराआवरीत अशा तसबिरी मिळतात. भिंगाखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर चित्र ऑफसेटचे. शिळाछापात कण अनियमित असतात. खालच्या समासात छापखान्याचे नाव असते, म्हणून तो समास चित्राइतकाच मोलाचा. फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी तो कापण्याची पद्धत फार नुकसान करते: एकदा कापला की चित्राचे मूळ सिद्ध करणे अवघड होते.

काच कागदाला टेकू नये, यासाठी आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट (चित्राभोवतीची चौकट) घालतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तसबीर लावत नाहीत, कारण बुरशी आणि कसर तेथूनच सुरू होते. उन्हात टांगलेल्या ऑफसेट चित्रातले पिवळा आणि लाल रंग आधी उडतात व सारे रणांगण निळसर होते.