इंग्लंडमधला पहिला हिवाळा: जीपीकडे नाव कसं नोंदवायचं आणि आजारी पडलं तर नक्की कुठे जायचं

सप्टेंबरात आपली मुलं शिकायला इकडे येतात, मग घर शोधणं, बँक अकाउंट, पार्ट टाइम जॉब यात दोन महिने कसे जातात कळत नाही, आणि नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडायला लागला की पहिला ताप येतो आणि तेव्हा लक्षात येतं की जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायचं राहिलंच. नोकरीसाठी आलेल्या फॅमिलींचंही तेच. म्हणून थंडी वाढायच्या आत हे एक काम उरकून टाका.

आपल्याकडे ताप आला की कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जायचं, कान दुखला तर थेट ईएनटी गाठायचा. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तसं चालत नाही, स्पेशालिस्टकडे बहुतेक वेळा जीपीच पाठवतो, आणि ज्या सर्जरीत तुमचं नाव आहे तिथेच तुमची फाइल असते. (सर्जरी म्हणजे दवाखाना, ऑपरेशन नव्हे, घाबरू नका.)

पात्रता काय? इंग्लंडमध्ये राहणारं कुणीही, आणि नोंदणीला एक पैसाही लागत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा घेताना तुम्ही बहुतेक वेळा हेल्थ सरचार्ज (एनएचएस वापरण्यासाठीची फी) आधीच भरलेला असतो, फेब्रुवारी २०२४ पासून तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आणि वर्क व्हिसावाल्या मोठ्यांना १,०३५ पौंड आहे, म्हणजे लाखभर रुपये भरून बसलोय आणि सोय वापरत नाही असं व्हायला नको.

आता कागदपत्रं, इथेच सगळे अडकतात. रिसेप्शनवर पासपोर्ट, घराचं अ‍ॅग्रीमेंट, लाइट बिल मागतात, आणि नुकतंच शेअरिंगमध्ये राहायला गेलेल्या पोरांकडे यातलं अर्धं नसतं म्हणून ती परत येतात आणि पुन्हा जातच नाहीत. तर नीट लक्षात ठेवा, एनएचएसच्या नियमानुसार ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्हिसाचे कागद किंवा एनएचएस नंबर यातलं काहीही नसलं तरी नोंदणी होते. कागद नाहीत एवढ्यावरून नाही म्हणता येत नाही. तुम्ही त्यांच्या एरियाबाहेर राहत असाल किंवा त्यांनी नवीन पेशंट घेणं बंद केलं असेल तर नाकारू शकतात, पण मग कारण १४ दिवसांच्या आत लेखी द्यावं लागतं. शांतपणे हे सांगा, बहुतेक वेळा काम होतं. पासपोर्ट हाताशी असेल तर न्याच, काम सोपं होतं एवढंच.

प्रक्रिया सोपी आहे. एनएचएसच्या वेबसाइटवर आपला पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जरी दिसतात, बऱ्याच ठिकाणी तिथूनच ऑनलाइन अर्ज करता येतो, नाहीतर रिसेप्शनवर कागदी फॉर्म मिळतो. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, देशात कधी आलात, जुने आजार, अ‍ॅलर्जी, चालू औषधं असं विचारतात. औषधांची नावं लिहिताना आपला ब्रँड लिहू नका, क्रोसिन किंवा डोलो म्हटलं तर इथे कुणाला कळेलच असं नाही, पॅरासिटामॉल लिहा. बीपी-शुगरच्या गोळ्यांचंही तसंच, पाकिटावर बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं ते उतरवून घ्या. नोंदणी झाली की एनएचएस अ‍ॅप टाका, चालू औषधं परत मागवणं त्यातून होतं.

आता आजारी पडलात तर. साध्या सर्दी-खोकल्याला जीपी अँटिबायोटिक देणार नाही, तो व्हायरस असतो आणि त्यावर ते चालतच नाही, तेव्हा आराम, पाणी, पॅरासिटामॉल. पुढची पायरी फार्मसी, आणि हीच पायरी आपली माणसं सगळ्यात कमी वापरतात! जानेवारी २०२४ च्या शेवटी एनएचएसची फार्मसी फर्स्ट ही योजना सुरू झालीय, त्यात सात त्रासांवर फार्मसिस्ट स्वतः तपासून गरज असेल तर प्रिस्क्रिप्शनचं औषध देतो, जीपीची अपॉइंटमेंट लागत नाही. घसा दुखणं पाच वर्षांपुढे, कान दुखणं १ ते १७ वर्षं, सायनस १२ पुढे, बायकांचं साधं लघवीचं इन्फेक्शन १६ ते ६४, मोठ्यांची नागीण, हे त्यातलेच.

दवाखाना बंद आहे आणि सकाळपर्यंत थांबवत नाही, तर १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास चालतो, दुभाषा हवा असं सांगता येतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (साधारण १००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप असेल तर अजिबात वाट बघू नका, लगेच १११ किंवा जीपी. छातीत दुखणं, श्वास घेता न येणं, तोंड वाकडं होणं, बेशुद्ध पडणं, याला थेट ९९९, म्हणजे इथला इमर्जन्सी नंबर. ए अँड ई म्हणजे आपली कॅज्युअल्टी, तिथे सर्दी-तापासाठी गेलात तर तासन्‌तास बसावं लागतं कारण सीरियस पेशंट आधी घेतात, आणि ते बरोबरच आहे.

प्रिस्क्रिप्शनला इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड पडतात (स्कॉटलंड, वेल्समध्ये फुकट). पण गोळ्या किंवा इन्सुलिनवर असलेला डायबेटिस किंवा कमी थायरॉइडची रोजची गोळी असेल तर जीपीकडून एफपी९२ए फॉर्म भरून घ्या, सर्टिफिकेट मिळतं आणि मग सगळीच औषधं फुकट. आपल्यात थायरॉइडवाल्या किती जणी आहेत आणि वर्षानुवर्षं पैसे भरतात, वाईट वाटतं बघून. सर्टिफिकेट येण्याआधी मात्र प्रिस्क्रिप्शनवर फुकट आहे असं टिक करू नका, दंड येतो.

फ्लूची लस गरोदर बायका, ६५ पुढचे, डायबेटिस किंवा सतत औषध लागणारा दमा असणारे, आणि लहान मुलं यांना फुकट असते. मुलांना नाकात स्प्रे देतात, त्यात डुकराचं जिलेटिन असतं, घरात चालत नसेल तर इंजेक्शन मागा, मिळतं. आणि ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्या, आपल्या रंगाच्या लोकांनी तर वर्षभर घ्यायचा विचार करावा असं एनएचएसच सांगतं.

आई-बाबा हिवाळ्यात यायचे असतील तर त्यांचं वेगळं. व्हिजिटर व्हिसावर जीपी फुकट बघतो, तीन महिन्यांपर्यंत तात्पुरती नोंदणी होते, ए अँड ई मधले उपचारही फुकट, पण अ‍ॅडमिट केलं की साधारणपणे एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं आणि ५०० पौंडांवर थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. तिकीट काढतानाच इन्शुरन्स काढा, त्यात आधीचे आजार खरे सांगा, आणि पूर्ण मुक्कामाची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत आणायला सांगा.