पेटीत कुजणारा आंबा आजारी पडतो झाडावरच

पेटी उघडली की दोन-चार हापूस देठाकडून काळे पडलेले निघतात, आणि खापर फुटतं पेंढ्यावर, नाहीतर ट्रकमधल्या उकाड्यावर. उकाड्याने कूज वाढते हे खरं, पण तिची सुरुवात बहुधा बागेतच झालेली असते.

करपा म्हणजे फळावर काळे डाग पाडणारा रोग, आणि त्याची बुरशी म्हणजे कोलेटोट्रिकम. दव पडलं किंवा अवकाळी पाऊस झाला की तिचे बीजाणू मोहोरावर आणि कैरीवर रुजतात. तिथून बुरशी सालीत शिरते आणि अडते, कारण हिरव्या सालीत तिला रोखणारी रेसॉर्सिनॉल गटातली द्रव्यं असतात. फळ पिकू लागलं की ही द्रव्यं घटतात, आणि इतके दिवस गप्प बसलेली बुरशी आढीत डाग पाडायला लागते. काढणीच्या वेळी आंबा कितीही स्वच्छ दिसो, तो निरोगी असेलच असं नाही.

देठकुजीची बुरशी वेगळी. ती फांदीत आणि देठात आधीपासूनच मुक्कामाला असते, फळ पिकताना तिथून खाली उतरते. आंबा ओढून काढला तर देठ मुळातून निघतो, तिथली जखम उघडी राहते आणि चीक ओघळून साल भाजते ती वेगळीच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'नूतन झेल्या'ला, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला, पातं आहे ते यासाठीच. देठाचा तुकडा फळाला ठेवून आंबा कापला जातो आणि जाळीत पडतो.

सालीत दडलेल्या करप्यावर सोपा उपाय गरम पाण्याचा: ५२ अंश सेल्सिअस, १० मिनिटं. तेवढ्या उष्णतेत सालीलगतची बुरशी मरते, गर मात्र शिजत नाही. हात बुडवून अंदाज घेणारे भेटतात, पण इथे थर्मामीटरच हवा. पाणी जास्त तापलं तर सालच भाजते, कमी तापलं तर बुरशी तगते.

मग सफरचंदासारखा आंबाही शीतगृहात महिनोन्महिने का ठेवत नाहीत? सफरचंद शून्य-एक अंशावर खुशाल राहतं. हापूसला साधारण १३ अंशांखालची थंडी बाधते: साल काळवंडते, फळ धड पिकत नाही.

साका, म्हणजे गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा भाग, मात्र या सगळ्याच्या बाहेरचा. तो बुरशीचा रोग नाही, गरातलाच बिघाड आहे, त्यामुळे झेला आणि गरम पाणी दोन्ही तिथे निरुपयोगी. त्यावर दापोलीने १९८१ मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' ही साका न होणारी जात दिली. गिऱ्हाईक अजून हापूसच मागतं.