जुळ्या यंत्रणांमधला फरक

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महापेकडे जाताना, कारखान्यांच्या शेजारी, जवळजवळ बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात. ही डेटा सेंटर्स होत. येथे मुख्य यंत्रणा असलेली संस्था तिची राखीव प्रत, म्हणजे संकटकाळी काम हाती घेणारी डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइट, बहुधा दूरच्या शहरात ठेवते, समजा, हैदराबादला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातील वीजवाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली होती, हे आठवले की अंतराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

माहिती या दोन ठिकाणांमध्ये अखंड वाहत असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे सातशे किलोमीटर लांबीच्या तंतूला साडेतीन मिलिसेकंद पुरतात. कॉन्फिगरेशन, म्हणजे यंत्रणेने कसे चालावे हे ठरवणाऱ्या फाइलींतील नोंदी, मात्र आपोआप वाहत नाही. महाप्यात एखाद्या रात्री ताण वाढला, म्हणून अभियंत्याने डेटाबेसच्या जोडण्यांची मर्यादा पाचशेवरून दोन हजारांवर नेली आणि हैदराबादला ती पाचशेच राहिली, तर कोणाचीही तक्रार येत नाही, कारण तिकडे ग्राहकच नसतात. असे फरक साचत जाण्याला या व्यवसायात ‘ड्रिफ्ट’ म्हणतात.

ते शोधायचे कसे? एसएचए-२५६ या पद्धतीने प्रत्येक फाइलचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढता येतो. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. पण तो फरक आहे एवढेच सांगतो, कुठे आहे हे सांगत नाही. त्यासाठी ‘डिफ’ हा प्रोग्राम वापरतात. बेल लॅब्जमध्ये तयार झालेला आणि १९७४ च्या युनिक्समध्ये आलेला हा प्रोग्राम दोन फाइलींमधील ओळींची सर्वांत लांब सामाईक मालिका शोधतो आणि उरलेले दाखवतो.

खरी अडचण यापुढे आहे. दोन्हीकडचे आयपी पत्ते, सर्व्हरची नावे, प्रमाणपत्रे वेगळी असतात आणि असायलाच हवीत. या शेकडो रास्त फरकांच्या गर्दीत तो एक घातक फरक हरवतो. म्हणून तुलनेपूर्वी पत्त्यांच्या जागी ‘मुख्य डेटाबेस’ अशी समान नावे घालतात आणि ज्यांचा क्रम महत्त्वाचा नाही अशा ओळी वर्णक्रमाने लावतात. हे सरसकट करू नये. बहुतेक फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा नियमांनुसार अडवणाऱ्या यंत्रणेत, वरून पहिला जुळणारा नियम लागू होतो, तेव्हा तिथे क्रम लावून घेणे म्हणजे दोषच पुसून टाकणे. शिवाय मान्य फरकांची यादी, प्रत्येकाच्या कारणासह, लिहून ठेवावी लागते. माझ्या मते हीच सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित फाइल.

आणि कधीकधी सारखेपणा हाच दोष असतो. फाइल जशीच्या तशी उचलून नेल्यामुळे हैदराबादचा सर्व्हर वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी महाप्यालाच विचारत राहतो. डिफ गप्प बसतो, ठसे जुळतात, आणि काम राखीव बाजूवर नेण्याचा, महापे चालू असताना घेतलेला सरावही यशस्वी होतो. म्हणून राखीव बाजूच्या फाइलींमध्ये मुख्य बाजूचे पत्ते वेगळे हुडकावे लागतात, आणि सरावाच्या आरंभी दोन्ही ठिकाणांमधला दुवा तोडावा लागतो. तेव्हा कळते की हैदराबादच्या अभियंत्याला स्वतःच्याच सर्व्हरवर लॉगिन करता येत नाही.