रायनएअर

आयर्लंडमधील अल्पदराची प्रवासी विमानकंपनी. मुख्यालय डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स येथे. मार्च २०२५ अखेरच्या आर्थिक वर्षात तिने २० कोटी २ लाख प्रवाशांची ने-आण केली. एका वर्षात २० कोटींचा टप्पा गाठणारी ती युरोपातील पहिली विमानकंपनी. तिकीट स्वस्त आणि मग पावलोपावली जादा पैसे, अशी तिची ख्याती असली तरी नफ्याचे मूळ शोधायचे तर विमानखरेदीकडे आधी पाहावे लागते.

विमाने भाड्याने देण्याच्या धंद्यात नाव कमावलेल्या टोनी रायन यांच्या कुटुंबाने १९८४ मध्ये ही कंपनी काढली. पहिले उड्डाण जुलै १९८५ मध्ये वॉटरफर्डहून लंडनच्या गॅटविकला झाले. १५ आसनांचे ते विमान इतके ठेंगणे होते, की केबिन कर्मचाऱ्यांची उंची ५ फूट २ इंचांच्या आत हवी अशी अट होती. डब्लिन-लंडन मार्ग तेव्हा आयर्लंडची एअर लिंगस आणि ब्रिटिश एअरवेज या कंपन्यांच्या मुठीत होता आणि परतीचे तिकीट २०९ पौंडांच्या खाली मिळत नसे. कामासाठी इंग्लंड गाठणाऱ्या आयरिश माणसाला बोटीचाच आधार. १९८६ मध्ये रायनएअरने डब्लिन ते लंडनजवळचे ल्यूटन हे परतीचे तिकीट ९९ पौंडांना विकायला काढले. प्रवासी आले, पण हिशेब जुळेना. काही वर्षांतच एकूण तोटा २ कोटी पौंडांच्या घरात गेला.

रायन यांचे आर्थिक व्यवहार सांभाळणारे मायकेल ओ'लिअरी यांच्याकडे कंपनी सावरण्याचे काम आले. अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सची पद्धत त्यांनी पाहून घेतली आणि तिच्याही पुढे जाऊन राबवली. बिझनेस क्लास गेला, फुकटचा खाऊ गेला, हळूहळू सगळा ताफा बोइंग ७३७ चा झाला. १९९४ मध्ये ओ'लिअरी मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. एप्रिल १९९७ पासून युरोपीय संघातील कोणत्याही विमानकंपनीला संघातील कोणत्याही देशात, अगदी देशांतर्गत मार्गावरही, उडण्याची मुभा मिळाली. ही वाट मोकळी झाली नसती तर रायनएअर आयर्लंड-इंग्लंड फेऱ्यांपुरतीच राहिली असती.

काटकसर विमानात पाऊल टाकताच दिसते. आसन मागे कलत नाही, समोर मासिक ठेवायला खिसा नाही, सुरक्षेच्या सूचना पुढच्या आसनाच्या पाठीलाच चिकटवलेल्या. पुढच्या दाराखालून विमानाचा स्वतःचा जिना बाहेर येतो, म्हणजे विमानतळाला शिडीचे पैसे नकोत. उतरणे, साफसफाई, चढणे हे सारे २५ मिनिटांत उरकायचे असते, कारण जमिनीवर उभे विमान कमाई करत नाही. पॅरिससाठी बोव्हे, ब्रसेल्ससाठी शार्लरवा असे शहरापासून लांबचे, रिकामे पडलेले विमानतळ कंपनीने निवडले आणि प्रवासी आणून देण्याच्या बदल्यात शुल्कात सवलत मिळवली. शार्लरवातील काही सवलती युरोपीय आयोगाने २००४ मध्ये बेकायदा सरकारी मदत ठरवल्या. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. शुल्क वाढवणाऱ्या विमानतळावरून चंबूगबाळे आवरायलाही कंपनी मागेपुढे पाहत नाही. फ्रँकफुर्ट शहरातील तळ तिने मार्च २०२२ मध्ये असाच बंद केला.

खरी चलाखी मात्र वेळ साधण्यात आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर इतर कंपन्या मागणी रद्द करत असताना, जानेवारी २००२ मध्ये रायनएअरने बोइंगकडे १०० विमानांची मागणी नोंदवली. गिऱ्हाईक शोधणाऱ्या कारखान्याकडून भाव पाडून घेणे मग कठीण नव्हते. कोविडकाळात तेच. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात प्रवासी जवळपास १५ कोटींवरून २ कोटी ७५ लाखांवर कोसळले होते आणि त्याच आर्थिक वर्षात, डिसेंबर २०२० मध्ये, तिने आणखी ७५ विमाने मागवली. नवी ७३७ विमाने १९७ आसनांची, जुन्यांपेक्षा ८ आसने जास्त आणि इंधन कमी पिणारी.

२०२४-२५ मध्ये उत्पन्न १,३९५ कोटी युरो होते. सरासरी भाडे सुमारे ४६ युरो. त्याखेरीज सामान, आवडीचे आसन, खाणेपिणे यांतून ४७२ कोटी युरो मिळाले, म्हणजे उत्पन्नाचा तिसरा हिस्सा. भाडे घसरल्याने नफा मात्र आदल्या वर्षीच्या १९२ कोटींवरून १६१ कोटी युरोंवर आला. युरोपात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही या तिकिटांचे आकर्षण असते. भारतीय पासपोर्टधारकाला पूर्वी ऑनलाइन चेक-इन करूनही काउंटरवर कागदपत्रे दाखवून बोर्डिंग पासवर शिक्का घ्यावा लागे, हे त्यांना चांगले ठाऊक असते.

कर्मचाऱ्यांशी कंपनीचे संबंध दीर्घकाळ ताणलेले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये वैमानिकांच्या रजांचे वेळापत्रक फसले आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. ख्रिसमसच्या तोंडावर संपाची वेळ आली तेव्हा कुठे कामगार संघटनांना मान्यता मिळाली. शौचालयासाठी पैसे घेण्याची ओ'लिअरी यांची घोषणा कधीच अमलात आली नाही, पण फुकटची जाहिरात भरपूर झाली. एअर लिंगस विकत घेण्याचे प्रयत्न अनेकदा फसले आणि २०१५ मध्ये त्या कंपनीतील आपला हिस्सा रायनएअरने विकून टाकला.

एकाच कारखान्यावर भिस्त ठेवण्याची किंमतही आहे. माल्टातील उपकंपनी लाउडा युरोपची थोडी एअरबस विमाने सोडली तर सारा ताफा बोइंगचा. त्यामुळे बोइंगची विमाने उशिरा आली तशी प्रवासीवाढीची उद्दिष्टे कंपनीला खाली आणावी लागली. तरीही मे २०२३ मध्ये तिने ३०० पर्यंत नवी विमाने घेण्याचा करार बोइंगशीच केला, त्यातली १५० पक्की. २०३४ पर्यंत वर्षाला ३० कोटी प्रवासी हे लक्ष्य याच करारावर बेतलेले आहे.