गाडीतलं गाणं कानाला का टोचतं?

घरी तासभर आवडीने ऐकलेली गाणी गाडीत वीस मिनिटांत नकोशी होतात. आपण स्टिरिओला नावं ठेवतो, पण निम्मा दोष तरी केबिनचा असतो. काचांवर आदळून तार स्वर परत कानावर येतात. खर्जाची गोष्ट वेगळी. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० कंपनांच्या, स्वराची एक लहर जवळजवळ पावणेसहा मीटर लांब, म्हणजे केबिनहूनही मोठी. त्यामुळे सगळ्या केबिनमधला हवेचा दाब एकदमच कमी-जास्त होतो आणि खर्ज फुगतो.

गाडी उभी असताना हे जाणवतं. ती धावू लागली की टायर आणि इंजिनाची घरघर नेमका हाच खर्ज झाकून टाकते. गाणं पोकळ वाटतं म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि फसतो ते इथेच. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशा नळीत ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप घुमतात, म्हणून आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. आवाज वाढवला की हा पट्टाही वाढतो, आणि टोचतो तो हाच.

मग बास, म्हणजे खर्ज, वाढवावा का? मी आधी तो मोह आवरायला सांगेन. बास ६ डेसिबलने वाढवायचा तर त्या स्वरांसाठी अॅम्प्लिफायरला चौपट शक्ती लागते. कंपनीने बसवलेला अॅम्प्लिफायर बहुधा छोटा असतो. तो कमी पडला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, मुळात नसलेले तार स्वर तयार होतात आणि आवाज खरखरतो. त्यापेक्षा मिड (मधले स्वर) आणि ट्रेबल (तार स्वर) एकेक-दोनदोन घरं खाली आणा. खर्ज आपोआप पुढे येतो, आणि त्यानंतरही एकूण आवाज किती ठेवायचा हे आपल्याच हातात राहतं. फोन ब्लूटूथने जोडला असेल तर फोनमधला इक्वलायझर (स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर एकाच आवाजावर दोनदा कलाकुसर होते.

चाचणीसाठी गाणं नको, बोलणारा माणूस ऐका. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे लागले तर ट्रेबल जास्त आहे. आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर बास.

आता बॅलन्स, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरमधली आवाजाची वाटणी. चालकाच्या बाजूचा स्पीकर पलीकडच्यापेक्षा ६० सेंटिमीटर जवळ असेल, तर त्याचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद आधी पोहोचतो. एवढ्याशा फरकावरूनही मेंदू ठरवतो की गाणं त्याच दारातून येतंय. बॅलन्स पलीकडे दोन घरं सरकवला तर हे थोडं सावरतं, पुरतं नाही, कारण वेळेतला फरक तसाच राहतो. मेन्यूमध्ये टाइम अलाइनमेंट असेल तर जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर देता येतो. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधली वाटणी) थोडा पुढे घेतला की गायक समोर आल्यासारखा वाटतो.

१९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं की आवाज हळू असताना कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. म्हणून ही सगळी जुळवाजुळव नेहमीच्या पातळीवरच करायची, आणि ती गाडी थांबवून किंवा शेजारी बसलेल्याच्या हातून. आवाजाचं बटण कुठे होतं ते लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी शांत गाडीत स्टिरिओ सुरू करताच दचकायला झालं, तर आदल्या दिवशी आवाज जास्तच होता.