पॅड संपले की डिस्क गेली?

ब्रेक दाबला की किर्र आवाज येतो आणि लगेच ‘पॅड, डिस्क सगळंच बदला’ असं ठरतं. कधी ते बरोबर असतं, कधी चांगली डिस्क उगाच भंगारात जाते. उलटं झालं तर जास्त वाईट: पॅड नवे बसतात आणि संपलेली डिस्क तशीच राहते.

पॅड झिजण्यासाठीच असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला कॅलिपर चिमट्यासारखा दोन्ही बाजूंनी पॅडने आवळतो. नव्या पॅडवरचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर. 3 वर आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते, थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. तिकडे कानाडोळा केला की पुढे खरखर सुरू होते, म्हणजे पॅडची लोखंडी पाठच डिस्क खरवडू लागते. मग नुसत्या पॅडवर भागत नाही. आतला पॅडही वाकून बघाच. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या असतील तर बाहेरचा जाड दिसतो आणि आतला पार गेलेला असतो.

डिस्कही झिजते, पण हळू, आणि ते नजरेला कळत नाही. किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. नव्या जाडीपेक्षा साधारण 2 मिलिमीटरच कमी. डिस्कवरून बाहेरच्या काठाकडे नख फिरवा, कंगोरा लागेल. तिथवर पॅड पोचत नाही. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, नेमका त्या कंगोऱ्यावर टेकतो आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतो. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. किमान आकड्याखालची डिस्क लवकर तापते. ती लेथवर गुळगुळीत करून पुन्हा बसवू नये.

वेगात ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असते. मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांचा फरकही जाणवतो. आणि याचं मूळ अनेकदा हबवरच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरच्या, गंजात असतं! गंजाच्या पापुद्र्यावर बसवलेली नवी डिस्क किंचित तिरकी फिरते, दर फेऱ्याला त्याच जागी पॅडला घासते, आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. तारेच्या ब्रशने हब चमकेपर्यंत घासणं हे मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं.

डिस्क नवी तर पॅडही नवेच. डिस्क जाडीत बसत असेल, चरे किंवा तडे नसतील, तर नुसते पॅड चालतात. काहीही बदलायचं ते डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना एकदमच.

नवे पॅड बसवताना पिस्टन (कॅलिपरमधला, पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे ढकललेला असतो, त्यामुळे पेडल पहिल्यांदा थेट खाली जातं. ते कडक लागेपर्यंत दाबत राहा, त्याआधी गाडी जागची हलवू नका.