सापाच्या पेटीतलं ऊन

थंडी पडली की बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, पाळणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: पेटीत बल्ब किती वॅटचा लावू? मी त्यांना आधी उलट विचारतो, गार टोक कुठं ठेवलंय?

साप अंगातली ऊब बाहेरून घेतो. भक्ष्य गिळलं की उबेला जाऊन पडतो, कारण त्याशिवाय पचन होत नाही. गारठ्यात उंदीर पोटातच कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. अंग पुरेसं तापलं की सावलीत सरकतो. रानात हे सगळं एका दगडाच्या दोन बाजूंना भागतं. पेटीत मात्र ती सोय माणसाला करावी लागते, आणि हे नीट उमगायला जवळपास शंभर वर्षं गेली.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली जगातलं पहिलं सर्पगृह उघडलं. गरम मुलखातले अजगर तिथल्या हिवाळ्यात गारठू नयेत म्हणून पेटीत ब्लँकेटं टाकत. एका बोआने (अजगरासारखाच मोठा, बिनविषारी साप) तर ते ब्लँकेटच गिळल्याची नोंद आहे. ब्लँकेट माणसाला ऊब देतं, कारण ऊब माणसाच्या अंगातच असते. गार सापावर घातलेलं ब्लँकेट गारच राहतं.

याला एक अपवाद आहे, आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने भारतात अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून ती उबवताना पाहिली होती. 1832 साली त्याने हे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सांगितलं, तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. नऊ वर्षांनी, 1841 मध्ये, पॅरिसच्याच प्राणिसंग्रहात एका अजगर मादीने अंडी घातली. प्राणिशास्त्रज्ञ व्हालांसिएन यांनी तिच्या वेटोळ्यात थर्मामीटर सरकवला, तर आतलं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा स्पष्ट जास्त निघालं. ही ऊब येते कुठून, हे 1966 साली न्यूयॉर्कमध्ये मोजमापासह सिद्ध झालं: हवा 33 अंशांच्या खाली उतरली की मादीचे स्नायू लयीत आखडू लागतात. थंडीत आपण कुडकुडतो, तशीच ती अंड्यांसाठी कुडकुडते. मला हा सापांच्या अभ्यासातला सगळ्यात हृद्य प्रसंग वाटतो.

पेटीच्या रचनेत खरा बदल केला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग सांभाळणाऱ्या जोन प्रॉक्टर यांनी. लंडनचं नवं सर्पगृह 1927 साली उघडलं, ते त्यांच्या आखणीतून. एकाच पिंजऱ्यात कुठं जास्त, कुठं कमी ऊब मिळेल अशी विजेची सोय त्यांनी केली. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून ते आत येऊ देणारी खास काच वापरली. आयुष्यभर आजारपणाशी झुंजत त्यांनी हे काम केलं आणि 1931 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. आज घरातल्या पेटीत जो उबेचा उतार आपण ठेवतो, तो तिथे आधीच उभा होता.

त्यामागचं शास्त्र 1944 साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून आलं. काउल्स आणि बोगर्ट या शास्त्रज्ञांनी दाखवलं की वाळवंटातले सरपटणारे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून अंगाचं तापमान ठरावीक पट्ट्यात राखतात. सावली नाकारली, तर वाळवंटातलाच साप भर उन्हात काही मिनिटांत मरतो.

पुढे साप घरोघरी पाळले जाऊ लागले आणि बाजारात विजेवर तापणारे नकली दगड आले. त्यांनी फार साप भाजले. चटका बसला की साप आपणहून बाजूला होईल, हा भरवसा खोटा ठरला. मी स्वतः असा एक बॉल पायथन हातात घेतलाय. थर्मोस्टॅट (तापमान मर्यादेत ठेवणारं यंत्र) न लावता हीट मॅट, म्हणजे पेटीखालची विजेवर तापणारी चटई, चालू ठेवलेली होती. पोटाकडचे पांढरे खवले बोटभर लांबीत तपकिरी पडून कडक झाले होते आणि त्यांच्या कडेने पाणी धरलं होतं. जखम भरायला कित्येकदा कात टाकावी लागली. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅटवर, गरम टोक 31 ते 33 अंश, गार टोक 25 ते 27, दोन्हीकडे लपायला जागा: एवढं असतं तर हे टळलं असतं.

आपल्याकडचे नाग, धामण, अजगर घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम आल्यापासून त्याची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली आहे. पेटीची माहिती मात्र बहुतेक जण थंड देशांतल्या व्हिडिओंवरून घेतात आणि बल्ब बारा महिने जळत ठेवतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा मॅट बंद करायची, पेटी घरातल्या सगळ्यात गार भिंतीशी हलवायची आणि गार टोकाला फुटक्या माठाचं ओलं खापर पालथं घालायचं. दुपारी साप त्याखाली वेटोळं करून बसलेला दिसतो, नुसतं नाक बाहेर.